बीईला रोटरी इंजिन घेताय? आधी गिअरचे दात मोजा

"प्रोजेक्टला वँकेल घेऊ का?" असं ज्युनिअर विचारतात. वँकेल म्हणजे हेच रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो. घ्या की. फक्त व्हिडिओत त्रिकोण गरगरताना छान दिसला म्हणून घेऊ नका. आम्ही तसाच घेतला होता.

आमचं मॉडेल हाताने फिरवायचं होतं, इंधनाची भानगड नाही. मापं माझदाच्या १३बी इंजिनाच्या निम्मी. मूळ इंजिनात एक्सेंट्रिसिटी (शाफ्टच्या मध्यापासून रोटरच्या मध्यापर्यंतचं अंतर) १५ मिमी, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंत १०५ मिमी आणि रुंदी ८० मिमी. या तिन्हींच्या गुणाकाराला ३√३ ने गुणलं की एका रोटरचे ६५४ सीसी येतात. हे जमलं त्या रात्री आम्ही स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो!

रोटरच्या आतल्या गिअरचे आणि साइड प्लेटवर पक्क्या बसवलेल्या गिअरचे दात ३:२ हवेत, एवढं पाठ होतं. म्हणून मॉड्यूल १ चे (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) ३० आणि २० दातांचे गिअर भोसरीत वायरकटवर, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, कापून घेतले. जोडायला बसलो तर जमेचना. वर्कशॉपच्या काकांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला, व्हर्नियर लावला. "पोरांनो, या दोघांचं सेंटर डिस्टन्स किती येतं?"

दोन्ही गिअरच्या मध्यांमधलं हे अंतर मॉड्यूल १ ला दातांच्या फरकाचं निम्मं, म्हणजे ५ मिमी. ते एक्सेंट्रिसिटीएवढं हवं आणि आमच्या शाफ्टची होती साडेसात मिमी. ४५ आणि ३० दात हवे होते. पुन्हा दोन बस बदलून भोसरी, पुन्हा पैसे.

गंमत म्हणजे या गिअरमधून इंजिनाची ताकद जातच नाही. ती रोटरकडून थेट एक्सेंट्रिक शाफ्टला मिळते. गिअर फक्त रोटरला त्याच्या वाटेवर ठेवतात. रोटरच्या एका टोकाला मार्करने ठिपका द्या आणि हाताने फिरवा. ठिपका जागेवर परत येईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. व्हायवाला हाच प्रश्न आला आणि आमच्यातला एकजण "एक" म्हणाला.

खरी डोकेदुखी सीलची, म्हणजे रोटरच्या टोकांना बसणाऱ्या, गॅस अडवणाऱ्या पट्ट्यांची. पिस्टन रिंगला गोल सिलिंडर मिळतो. इथे टोकाची पट्टी भिंतीला एका रेघेवर घासते आणि तिचा कोन सतत बदलतो. १९६७ ची एनएसयू आरओ ८० गाडी या सीलच्या झिजेनेच बदनाम झाली. आमच्या मॉडेलला सीलच नव्हते. टोकांना ग्रीस थापलं तेव्हा कुठे एक्झॉस्टला लावलेल्या बोटाला पहिल्यांदा फुस्स लागलं.

पुण्यात रोटरीवरच नोकरी मिळेल या आशेवर राहू नका. माझदाने २०२३ मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर एमएक्स-३० मध्ये पुन्हा आणला, तोही बॅटरी चार्ज करायला. माझ्या इंटरव्ह्यूत मात्र वीस मिनिटं फक्त त्या चुकलेल्या गिअरवर गेली.

सुरुवात पुठ्ठ्यापासून करा, मग गिअर. हाउसिंग, म्हणजे रोटरभोवतीचं कवच, सगळ्यात शेवटी, कारण तिथेच पैसे जातात. आणि ड्रॉइंगवर सेंटर डिस्टन्स लिहून द्या. मशीनवाला दिलेल्या आकड्याप्रमाणे कापून मोकळा होतो.