फोटो हलवण्याआधी: कीफ्रेमची पूर्वतयारी

व्हिडिओत स्थिर फोटो हलता दाखवायचा तर कीफ्रेम लावतात, म्हणजे कोणत्या क्षणी चित्र कुठे आणि किती मोठं असावं याच्या खुणा. पण फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकून थेट कीफ्रेम मारत सुटलं, की निम्मं काम दुसऱ्यांदा करावं लागतं. म्हणून आधी पिक्सेल मोजा. फुल एचडी व्हिडिओची चौकट १९२० × १०८० ची असते. फोटोत दीडपट आत शिरायचं असेल, तर तो किमान २८८० × १६२० चा हवा, नाहीतर झूम होता होता चेहरे धूसर व्हायला लागतात. छापील फोटो स्कॅन करणार असाल तर हा हिशेब स्कॅनरपाशीच करा. सहा बाय चार इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला की १८०० × १२०० पिक्सेल हाती येतात, म्हणजे एचडीची रुंदीसुद्धा भरत नाही. ६०० डीपीआयवर ३६०० × २४०० मिळतात, तेवढ्यात निवांत फिरता येतं. धूळ आणि ओरखडेही आत्ताच पुसा. झूममध्ये चेहऱ्याबरोबर कणही मोठा होत जातो.

आडवे पडलेले फोटो सरळ करा, सीएमवायके (छपाईच्या रंगपद्धतीतल्या) फायली आरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत) आणा, नावं ०१, ०२ अशी क्रमाने द्या. सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर नंतर हलवू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचं काम. प्रत्येक फोटोसाठी कागदावर दोन चौकटी आखा, सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही १६:९ च्या. समजा शाळेचा ग्रुप फोटो आहे आणि निवेदन मागच्या रांगेतल्या एका मुलीबद्दल बोलतंय. मग सुरुवात अख्ख्या वर्गापासून आणि शेवट तिच्या चेहऱ्यावर, डोळे चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश भागात. निवेदन तिच्यापासून सुरू होऊन वर्गाकडे जात असेल, तर नेमकं उलटं. उभ्या फोटोत चौकट खालून वर नेता येते, फक्त डोक्यावर पुरेशी जागा आहे ना ते बघा. हलवायला कारणच सापडत नसेल तर फोटो स्थिर ठेवा, तोही शोभतो. फोटोला आपोआप सावकाश हालचाल देणारं ‘केन बर्न्स’ नावाचं तयार बटण काही सॉफ्टवेअरमध्ये असतं, पण कोणता चेहरा महत्त्वाचा हे त्याला कळत नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

निवेदन आणि संगीत आधी लावून प्रत्येक क्लिपची लांबी पक्की करा. कीफ्रेम क्लिपमधल्या वेळेला चिकटलेले असतात. नंतर क्लिपचा शेवट कापला तर हालचाल अर्ध्यावर तुटते, वाढवला तर चित्र मध्येच थबकतं.

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल टू फ्रेम साइझ’ निवडू नका. त्याने फोटो आधीच लहान होतो आणि जमवलेले जादा पिक्सेल वाया जातात. ‘सेट टू फ्रेम साइझ’ फक्त स्केलचा आकडा बदलतो, तेच हवं. अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती चित्र लहान-मोठं होतं तो) चेहऱ्यावर न्यायचा असेल तर पहिल्या कीफ्रेमच्या आधी न्या. पोझिशन आणि स्केलचे कीफ्रेम एकाच क्षणी सुरू आणि एकाच क्षणी संपू द्या, नाहीतर चित्र वाकडंतिकडं सरकतं. पाच सेकंदांत सुरुवातीच्या स्केलच्या दहा टक्के वाढ बहुतेक वेळा पुरते.

दोन फोटोंमध्ये सरळ कट असेल तर ईझ इन, ईझ आउट (हालचाल हळूहळू सुरू होणं आणि हळूहळू थांबणं) छान दिसतं. डिझॉल्व्ह (एक फोटो विरत दुसरा उमटणं) असेल तर मात्र तो चालू असताना दोन्ही फोटो हलत राहायला हवेत, म्हणून कीफ्रेम त्याच्या पूर्ण कालावधीला पुरतील असे ठेवा. एक फोटो विरताना गोठला की नजरेला लगेच खटकतं.

सगळे फोटो लावायच्या आधी एकच निवडून चाचणी एक्सपोर्ट काढा. ज्यात खिडकीची जाळी, विटा किंवा बारीक अक्षरं आहेत असाच घ्या, कारण सावकाश हालचालीत या रेषा लुकलुकतात आणि कमी दर्जाच्या प्रीव्ह्यूमध्ये ते नीट दिसत नाही. लुकलुकल्या तर किंचित ब्लर द्या किंवा हालचाल थोडी जलद करा, आणि मगच पुढच्या फोटोला हात लावा.