साताऱ्याच्या जुन्या फोटोतली गाडी आणि जागा कशी ओळखायची

जुना फोटो हातात आला की लोक आधी गाडीवर झडप घालतात. "अरे, ही तर डुक्कर फियाट! म्हणजे १९५५." झालं. फोटोखाली साल पडतं आणि मग पन्नास जण तेच साल पुढे पाठवत बसतात. हे बघून माझं डोकं फिरतं, कारण एकदा मीही अगदी हेच केलंय. त्याबद्दल पुढे सांगतो.

फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. मोबाइलवर फिरून फिरून धुरकट झालेल्या फोटोवर वेळ घालवू नका.

मग तो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. निगेटिव्ह पालथी पडली की अख्खं गाव डाव्याचं उजवं होतं. दुकानाची पाटी वाचता आली तर प्रश्न मिटला. नाहीतर बायकांचे पदर बघा, बहुतेकींचा डाव्या खांद्यावर हवा. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, पण जीपवर विसंबू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करानं विकायला काढलेल्या, मिलिटरी जीपचं स्टिअरिंग डावीकडेच असायचं.

जागा शोधताना इमारतींच्या नादी लागू नका. माड्या पडल्या, वाड्यांची अपार्टमेंट झाली, पण डोंगर हलत नाही. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे तोंड केलं की किल्ला डाव्या हाताला आणि यवतेश्वराचा डोंगर समोर. माघारी वळलात की किल्ला उजवीकडे. एवढ्यावर रस्त्याची दिशा कळते. नाका आणि राजवाडा यांना जोडणाऱ्या दोन रस्त्यांपैकी वरचा की खालचा, हे ठरवायला फोटोची प्रिंट घेऊन स्वतः जाऊन उभं राहा आणि छपरांच्या वर किल्ल्याची कड किती दिसते ते ताडून बघा. सकाळी लवकर जा, नंतर रहदारी उभं राहू देत नाही. किल्ल्यावर टीव्हीचा टॉवर दिसत असेल तर आणखी सोपं: मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, म्हणजे फोटो त्याआधीचा असणं शक्य नाही.

आता गाडी. ओळखणं त्यामानानं सोपं आहे. हेडलाइट मडगार्डपासून सुटे, दिव्यासारखे उभे असतील तर गाडी साधारण चाळीसच्या आधीची. डुक्कर फियाट म्हणजे १९५४ पासून प्रीमियरनं काढलेली फियाट ११००, पाठीमागून गोल गरगरीत. तिची पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला. दार उघडं असलेला फोटो मिळाला तर नशीबच. लँडमास्टर आणि अँबॅसडर यांच्यात मात्र भलेभले फसतात. दोघींचा मधला भाग जवळजवळ सारखाच, म्हणून दारं न बघता शेपूट बघा. अँबॅसडरच्या मागच्या मडगार्डला लहानसा पंख उचललेला असतो, लँडमास्टरचं मडगार्ड तसंच खाली उतरतं. लँडमास्टर १९५४ ची, अँबॅसडर १९५७ च्या सुमाराची. जीपच्या समोरच्या जाळीतल्या उभ्या फटी मोजा: नऊ असतील तर महायुद्धातली, सात असतील तर नंतरची नागरी.

इथपर्यंत आलात की खरी गोची सुरू होते. गाडी ओळखली म्हणजे फोटोचं साल कळलं, असं वाटायला लागतं.

आमच्या आत्याच्या ट्रंकेत मोती चौकाकडचा एक फोटो निघाला. मधोमध डुक्कर फियाट, चकचकीत. मी बेधडक मागे '१९५५' लिहिलं, आणि वर बॉलपेननं. सहा महिन्यांनी एका गॅरेजवाल्या काकांना सहज दाखवला. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "अहो, पाठीमागची पाटी वाचली का?" औषधाच्या दुकानाच्या पाटीवर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात ४१५००१. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. माझा अंदाज निदान सतरा वर्षांनी चुकला होता! गाडी बरोबर ओळखली होती, तरीही.

तेव्हापासून एकच नियम पाळतो. गाडी फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. त्या काळी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्यामुळे जुनी गाडी कोणी मोडीत काढत नसे. मालक बदलायचे, रंग बदलायचा, शेवटी ती टॅक्सी म्हणून वाईला नाहीतर कोरेगावला फिरायची. फोटोत पाच गाड्या असतील तर सगळ्यात जुनी आणि देखणी सोडा आणि सगळ्यात नवी शोधा, मग ती कोपऱ्यात अर्धी कापलेली का असेना. नंबरप्लेटचंही तेच. 'बीएम'नं सुरू होणारा नंबर जुन्या मुंबई राज्याचा खरा, पण तो नंबर गाडीबरोबर १९६० च्या नंतरही चालत राहिला. 'एमएच ११' दिसला तर मात्र १९८९ च्या अलीकडचा, यात वाद नाही.

साल बारीक करायचं तर पाट्याच वाचायच्या. 'उत्तर सातारा' लिहिलेलं असेल तर तुमची लॉटरी लागली: १९४९ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि १९६० ला उत्तरेचं पुन्हा सातारा, दक्षिणेचं सांगली झालं. तेवढीच अकरा वर्षं. पाटी न बदलणारा आळशी दुकानदार सगळीकडे असतो, तेवढी सूट ठेवा. हॉटेलच्या फळ्यावर चहाचा भाव नव्या पैशात असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचा.

शेवटी फोटो म्हाताऱ्या माणसांना दाखवा, पण आपला अंदाज आधी बोलू नका. "आजी, हा मोती चौकच ना?" असं विचारलंत तर आजी "हो बाळा" म्हणणारच. फोटो नुसता हातात द्या आणि गप्प बसा. मग मिळालेलं उत्तर मागे लिहा, मऊ पेन्सिलनं. माझ्या त्या '१९५५' चा वळ अजून आत्याच्या फोटोवर पुढून दिसतो.