बॅशच्या अ‍ॅरेतून एक नाव वगळायला गेलो आणि अख्खं फोल्डर उडालं

अ‍ॅरे कसा बनवायचा, लूप कसा फिरवायचा हे बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) तुम्हाला येतं असं धरून चालतो. तेवढं मलाही येत होतं, म्हणूनच तर फसलो.

काम काय, तर एका बेस फोल्डरमधली सहा-सात सबफोल्डरं उडवायची, फक्त "टेस्ट" नावाचं ठेवायचं. नावं अ‍ॅरेत होतीच. सिनियरला विचारलं तर त्याने मान पण वर न करता सांगितलं, अरे अ‍ॅरेच्या एक्सपान्शनमध्ये (कर्ली ब्रॅकेटमध्ये नाव लिहून व्हॅल्यू काढतो तिथे) शेवटी स्लॅश दे आणि पुढे टेस्ट लिही, जातं ते. मी तसं केलं, वर कोट्स पण टाकले कारण काही नावांत स्पेस होती, मग इको करून (स्क्रीनवर छापून) बघितलं तर टेस्ट खरंच गायब! खूश होऊन स्क्रिप्ट चालवली आणि बेस फोल्डरच गेलं, टेस्टसकट.

आता नीट ऐका, कारण हे मला समजायला अख्खी रात्र गेली. तो स्लॅश अ‍ॅरेतून आयटम काढतच नाही. तो प्रत्येक आयटमच्या आत घुसून ती अक्षरं खोडतो. म्हणजे "टेस्ट"चं झालं रिकामं स्ट्रिंग, पण आयटम जागेवरच, अ‍ॅरेची संख्या तेवढीच. आणि "लेटेस्ट" नावाचं फोल्डर होतं त्याचं उरलं नुसतं "ले". लूपमध्ये पाथ बनत होता बेस, स्लॅश, नाव. नाव रिकामं म्हटल्यावर उरला बेस, आणि आरएम या डिलीट करणाऱ्या कमांडने तोच उडवला. "ले" नावाचं काही नव्हतंच, पण डॅश एफ लावलं की आरएम न सापडलेल्या गोष्टीबद्दल तक्रारच करत नाही, त्यामुळे एकही एरर नाही. आणि इकोमध्ये? टेस्टच्या जागी दोन स्पेस शेजारी शेजारी दिसत होत्या. डोळ्यासमोर होत्या!

म्हणून अ‍ॅरे इकोने तपासू नका, डिक्लेअर डॅश पी ही कमांड वापरा. प्रत्येक आयटम इंडेक्ससकट आणि कोट्समध्ये दिसतो, रिकामा असेल तर लगेच कळतं.

बरोबर पद्धत एकदम बाळबोध आहे. नवा रिकामा अ‍ॅरे घ्या, जुन्यावर लूप फिरवा, नाव वगळायचं असेल तर कंटिन्यू, नाहीतर प्लस-इक्वलने नव्यात टाका. चार-पाच ओळी होतात, होऊ द्या, वन-लायनरचं कौतुक मला आता अजिबात उरलं नाहीये. फक्त डबल चौकोनी कंसात तुलना करताना उजवीकडच्या व्हेरिएबलला कोट्स द्या, नाहीतर बॅश त्याला पॅटर्न (स्टार वगैरे चिन्हांनी अनेक नावांशी जुळणारा नमुना) समजतो.

अनसेटने, म्हणजे आयटम काढून टाकणाऱ्या कमांडने, पण जमतं, पण मधे भोक पडतं, पुढचे इंडेक्स सरकत नाहीत, मग शून्यापासून मोजत जाणारा लूप गंडतो. वगळायची नावं बरीच असतील तर असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नंबरऐवजी नावाने शोधता येणारा) बेस्ट, तो बॅश 4 पासून आहे. मॅकवर मात्र सोबत येणारा बॅश अजून 3.2 आहे, तिथे नाही चालणार. झेडशेल हा बॅशसारखाच दुसरा शेल, तो वापरणारे नशीबवान, त्यांच्याकडे कोलन आणि हॅश लावलं की पूर्ण जुळणारा आयटमच जातो.

घाबरून जाऊ नका पण, मी एवढं उडवूनही नोकरीत आहे, बॅकअप होता आदल्या रात्रीचा. हां, आरएमच्या ओळीत व्हेरिएबलच्या नावापुढे कर्ली ब्रॅकेटच्या आत कोलन आणि प्रश्नचिन्ह टाकायची सवय तेवढी आजच लावून घ्या, व्हॅल्यू रिकामी असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

सिनियरची स्लॅशवाली ओळ अजून त्याच्या स्क्रिप्टमध्ये आहे आणि चालतेय, कारण तो कोट्स देत नाही, मग रिकामा आयटम वर्ड स्प्लिटिंगमध्ये (स्पेसवर तुकडे पाडताना) आपोआप गळून जातो. त्याच्या एकाही फोल्डरच्या नावात अजून स्पेस आलेली नाही.