कोकमाचा अर्क टाकायच्या आधी टीअर मोजायचं कसं

इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या वेलमध्ये (खळग्यात) बसणाऱ्या, तळाला बारीक छिद्रांचा पडदा (मेम्ब्रेन) असलेल्या छोट्या कपात, पेशी टाकल्या, मायक्रोस्कोपखाली सगळं भरल्यासारखं दिसतंय, पण थर खरंच घट्ट झालाय का हे नुसतं बघून कळत नाही. चिऱ्याची भिंत कितीही जाड असू दे, दरजा नीट भरल्या नसतील तर पावसात पाणी आत येणारच, इथेही तसंच, दोन पेशींमधली टाइट जंक्शन्स घट्ट असली तर आयन सहज पलीकडे जात नाहीत आणि रेझिस्टन्स वाढतो. हेच टीईईआर, म्हणजे ट्रान्सएपिथेलियल इलेक्ट्रिकल रेझिस्टन्स, पेशींच्या थराचा विजेला होणारा विरोध, लॅबमध्ये सगळे टीअरच म्हणतात.

कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल हे संयुग आतड्यातून पलीकडे जातं का असं काही बघायचं असेल तर बहुतेक जण कॅको-2 पेशी घेतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या, पण साधारण 21 दिवस वाढू दिल्या की लहान आतड्यासारख्या वागतात. घाई करू नका.

साध्या मल्टीमीटरने चालेल का असं कोणीतरी हमखास विचारतं. नाही चालणार, त्याचा डीसी करंट इलेक्ट्रोडही खराब करतो आणि पेशींनाही त्रास देतो, टीअरचा मीटर दिशा बदलत राहणारा अगदी बारीक करंट सोडतो. मोजायच्या आधी मीटर टेस्ट रेझिस्टरवर तपासून घ्या. इलेक्ट्रोड 70 टक्के इथेनॉलमध्ये बुडवून, हूडमध्ये (स्वच्छ हवेच्या कपाटात) वाळवून, मग मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, धुवून घ्यायचा. आणि आपल्याकडची खारी दमट हवा विसरू नका, कनेक्टरवर हिरवा थर धरतो आणि मग रीडिंग नाचायला लागतं, म्हणून काम झालं की घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायचा, चांदीचं टोक मात्र खरवडायचं नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट, तापमान. पेशी 37 डिग्रीच्या इन्क्युबेटरमधून बाहेर काढल्या की मीडियम थंड होत जातं आणि रेझिस्टन्स आपोआप चढतो, थर घट्ट न होताच! म्हणून प्लेट अर्धा तास तरी बाहेर ठेवून मगच मोजा आणि दरवेळी रूमचं तापमान तेच ठेवा. रत्नागिरीत मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला, पण मीटर बॅटरीवर चालतोय म्हणून मोजत बसलात तर ते रीडिंग कालच्याशी जुळवता येणार नाही.

इलेक्ट्रोडची लांब काडी बाहेरच्या वेलमध्ये, आखूड काडी इन्सर्टच्या आत, मेम्ब्रेनला न टेकवता, आणि सरळ उभा धरायचा, तिरका झाला की आकडा बदललाच. इन्सर्टच्या बाजूंना तीन फटी असतात, तिन्हीतून रीडिंग घेऊन सरासरी काढा. पेशी नसलेला एक इन्सर्ट तेच मीडियम घालून सोबत ठेवा, तो ब्लँक.

हिशोब सोपाय, तरी गुणायच्या जागी भागणारे भेटतात. समजा 12 वेलच्या प्लेटमधल्या इन्सर्टचं रीडिंग 420 ओहम, ब्लँक 120, उरले 300, त्याला इन्सर्टच्या क्षेत्रफळाने म्हणजे 1.12 ने गुणलं की 336 ओहम चौरस सेंटीमीटर.

हा आकडा चांगला का वाईट ते दुसऱ्याच्या पेपरवरून ठरवू नका. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या एमडीसीके पेशींच्याच दोन जाती, एकीचा टीअर हजारांत, दुसरीचा शेकड्याच्या आसपास. एक दिवसाआड मोजा, ग्राफ चढून सपाट झाला की थर तयार.

मग अर्क. कोकम आंबट, त्यामुळे आधी पीएच नीट करून घ्या, नाहीतर आम्लामुळे पडलेला टीअर तुम्ही गार्सिनॉलच्या नावावर लिहाल. एका इन्सर्टला नुसतं ईजीटीए द्या, ते कॅल्शियम ओढून घेतं, कॅल्शियमशिवाय सांधे टिकत नाहीत, तिथे आकडा पडायलाच हवा. सोबत ल्युसिफर यलो हा चमकणारा रंग पलीकडे किती जातो तेही बघा, एकट्या टीअरवर मी तरी विसंबणार नाही. शेवटी अर्क काढून ताजं मीडियम घाला आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, आकडा वर आला तर सांधे तेवढ्यापुरते उघडले होते, नाही आला तर पेशीच मेल्यात का ते तपासायला लागेल.