मुलांच्या खरचटण्यावर अँटिबायोटिक मलम लावताना या चुका टाळा

पोर धडपडलं, गुडघा सोलला, भोकाड पसरलं की आपला हात आधी मलमाच्या ट्यूबकडे जातो. खरं तर तो नळाकडे जायला हवा. जखमेत माती, वाळूचे कण राहिले तर वरून कितीही मलम थापा, आत पू धरू शकतो. चांगली धुतलेली साधी जखम मलमाशिवायही भरून येते.

म्हणून आधी धुणं. आपले हात साबणाने धुवा, मग जखम वाहत्या पाण्याखाली काही मिनिटं धरा. साबण आजूबाजूच्या त्वचेला लावा, जखमेत चोळू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट जखमेत ओतू नका. फेस आला की जंतू मेले असं वाटतं, पण नवी कातडी तयार करणाऱ्या पेशीही त्यात होरपळतात. शिवाय पोराला इतकं झोंबतं की पुढच्या वेळी ते जखम दाखवायलाच येत नाही.

लाली दिसली की आणखी मलम

ही चूक मी स्वतः केली आहे. मुलगी चार वर्षांची होती, गुडघ्याला खरचटलं होतं. तिसऱ्या दिवशी जखमेभोवती लाली दिसली. पू होतोय असं समजून मी दिवसातून दोनदा लावायचं मलम चारदा लावू लागले. लाली वाढली, बारीक पुरळ उठलं, आणि ती रात्रभर खाजवत राहिली. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मलम बंद करा, बाकी काही करू नका." जंतुसंसर्ग नव्हताच, मलमाचीच अ‍ॅलर्जी होती.

हा फरक ओळखता आला पाहिजे. अ‍ॅलर्जीत खाज जास्त असते. बारीक पाणीदार पुरळ येतं आणि लाली साधारण जिथवर मलम लागलं तिथवरच दिसते. संसर्गात खाजेपेक्षा ठणका जास्त. जागा गरम लागते, सुजते, पू येतो, लाली रोज थोडी पुढे सरकते. बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारून ठेवा. काही तासांनी लाली रेघ ओलांडून गेलेली दिसली, ताप आला किंवा जखमेपासून वर जाणारी लाल रेषा दिसली, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. जखमेवरचा पातळ पिवळसर थर मात्र दर वेळी पू नसतो. ठणका, सूज नसेल तर तो भरून येण्याचाच भाग असतो, त्यामुळे खरवडून काढू नका.

अ‍ॅलर्जीसाठी बदनाम घटक दोन, निओमायसिन आणि बॅसिट्रॅसिन. दुकानात सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत यांतलं एखादं असतं. एकदा अ‍ॅलर्जी कळली की घटकाचं नाव मुलाच्या फाइलवर लिहून ठेवा, कारण निओमायसिन कानाच्या आणि डोळ्यांच्या थेंबांतही असू शकतं.

मग लावायचं तरी काय?

बऱ्याचदा साधी पेट्रोलियम जेली पुरते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात त्वचेची छोटी शस्त्रक्रिया झालेल्या ९०० हून अधिक रुग्णांपैकी काहींना बॅसिट्रॅसिन आणि काहींना नुसती पेट्रोलियम जेली लावली. संसर्गाच्या प्रमाणात दखल घ्यावा असा फरक पडला नाही. अ‍ॅलर्जी झाली ती मात्र बॅसिट्रॅसिनवाल्यांतल्या काहींना. या जखमा निर्जंतुक खोलीतल्या होत्या, मैदानावरच्या मातीतल्या नव्हेत, हे मान्य. तरी जखम ओलसर आणि झाकलेली राहणं महत्त्वाचं, एवढं त्यातून घेता येतं. "उघडी ठेवा, वारा लागू दे, खपली धरू दे" हा सल्ला जुना झाला. झाकलेल्या जखमेवर कातडी लवकर धरते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम सांगितलंच असेल तर जखमेवर नुसती चकाकी येईल इतकंच लावा. ट्यूबचं तोंड जखमेला टेकवू नका, स्वच्छ बोटावर किंवा कापसाच्या काडीवर घ्या. सांगितलेल्या दिवसांपलीकडे "राहू दे अजून थोडे दिवस" म्हणून चालू ठेवू नका, कारण विनाकारण वापराने जंतू औषधाला सरावतात. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर विचारल्याशिवाय लावूच नका. मोठ्या भागावर सोललेल्या त्वचेतून निओमायसिन रक्तात शोषलं जाऊ शकतं, आणि जास्त प्रमाणात ते मूत्रपिंडाला व कानाला घातक आहे. तान्ह्या बाळाच्या बोटाला लावलेलं मलम सरळ तोंडात जातं आणि सुटलेली पट्टी घशात अडकू शकते, हेही लक्षात असू द्या.

हाताला लागेल ती ट्यूब

कपाटातल्या ट्यूबा एकमेकींसारख्याच दिसतात. मागच्या वर्षी कुणाच्या तरी गजकर्णासाठी आणलेल्या मलमात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असू शकतं. ते उघड्या जखमेवर लावलं तर भरून येणं लांबतं, आणि संसर्ग असेल तर तो दबल्यासारखा दिसून आत वाढतो. लावण्याआधी घटक आणि मुदत वाचा. मुदत संपलेली ट्यूब टाकून द्या.

जिथे मलमाचा विचारच नको

दहा मिनिटं सलग दाबून धरूनही रक्त थांबत नाही, कडा फाकल्या आहेत, आत काच किंवा खडा रुतला आहे, खिळा खोल घुसला आहे, अशा जखमा डॉक्टरांच्याच. धनुर्वाताची लस कधी झाली हे जाताना आठवून ठेवा. प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीबद्दल विचारा. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. भाजलेली जागा मलमाने माखून नेली तर डॉक्टरांना ती आधी पुसावी लागते, आणि ते पुसणं पोराला भाजण्याइतकंच दुखतं.