बायबल संशयाने वाचताना या चुका टाळा

विसंगतींची यादी कुठून तरी उतरवायची, दोन वचनं शोधायची आणि ‘बघा, खोटं आहे’ म्हणत पुस्तक मिटायचं. बायबलवर शंका घेणाऱ्यांची ही सर्वांत आळशी चूक. खरं काम विसंगती सापडल्यावर सुरू होतं आणि उतावळे लोक नेमके तेव्हाच उठून जातात.

इस्राएलचा राजा दावीद याने केलेली शिरगणती घ्या. ‘२ शमुवेल’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात परमेश्वरच रागावून दावीदाला लोक मोजायला लावतो; ‘१ इतिहास’च्या २१व्या अध्यायात हेच काम सैतान करतो. पहिल्यात इस्राएलचे योद्धे ८ लाख आणि यहूदा वंशाचे ५ लाख, दुसऱ्यात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. शेवटी यबूसी जमातीच्या एका माणसाचं धान्याचं खळं दावीद विकत घेतो. शमुवेलात किंमत चांदीचे ५० शेकेल (वजनाचं जुनं माप), इतिहासात सोन्याचे ६००.

यादीवाल्याचं काम इथे संपतं. तुम्ही पुढे जा. इतिहासाचं पुस्तक यहूद्यांना बाबेलला कैदेत नेलं, त्या बंदिवासानंतरचं आहे आणि त्याचा लेखक शमुवेलाच्याच परंपरेतला मजकूर नव्याने मांडतो आहे. दोन्हीकडे ही मोजणी पाप मानली आहे; देवानेच माणसाला पापात ढकललं, हे त्याला पटलं नसावं. त्याच्या मते यरुशलेमचं मंदिर याच खळ्यावर उभं राहिलं, तेव्हा किंमतही मंदिराला शोभेल अशी. लेखकाचा हेतू असा पकडता आला, की तुमचा संशय भक्कम होतो.

यासाठी कागदावर दोन रकाने पाडा, दोन्ही उतारे हाताने लिहून काढा आणि फरकांखाली रेघ मारा. मोबाइलवर नजर फरकांवरून घसरते. मग विचारा: आधीचा मजकूर कोणता, नंतरच्याने काय बदललं, त्यातून त्याला काय साधायचं होतं? पुढचा सराव येशूला दगा देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्या मृत्यूवर करा: मत्तयचा अध्याय २७ आणि प्रेषितांची कृत्येचा अध्याय १.

दुसरी चूक तर पाठच झालेली आहे: ‘बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची, हे ३२५ साली निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ठरवलं.’ नाही ठरवलं. परिषदेपुढे एरियस या धर्मगुरूच्या, येशू देवाच्या बरोबरीचा नाही या शिकवणुकीचा वाद होता आणि ईस्टरच्या तारखेचा प्रश्न होता. तिचे २० नियम आज उपलब्ध आहेत; पुस्तकांची यादी त्यांत नाही. ही समजूत शतकांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथातल्या कथेकडे जाते: पुस्तकं वेदीजवळ ठेवली, प्रार्थना केली आणि खरी-खोटी आपोआप वेगळी झाली. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ती गाजवली. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाच्या, नेमक्या २७ पुस्तकांची यादी आपल्याला प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. एकमत तर आजही नाही: प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. चमत्कारकथेतून निघालेली अफवा संशयवाद्यांनीच पसरवावी, याची खरोखर चीड येते.

बायबलच्या प्रतीतल्या तळटीपा गाळू नका. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) १६:९-२० हा शेवट चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या हस्तलिखितांत नाही, हे तिथेच कळतं.

उपशीर्षकं संपादकांची असतात. त्यांच्यावरून मूळ लेखकाला धारेवर धरू नका.

२५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. ती खोडून बायबल खोटं ठरत नाही.

आणि उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून नियमांनी भरलेल्या लेवीयात अडकू नका. मार्कचे १६ अध्याय एका बैठकीत वाचा, मग मत्तय घ्या आणि त्याने मार्कमधलं काय गाळलं, काय वाढवलं ते समासात टिपत चला.