मंगळावरचं विवर उल्केचं की ज्वालामुखीचं? या चुका टाळा

दर पावसाळ्यात, आकाश झाकलेलं असताना, मी कॉलेजच्या मुलांना घेऊन मंगळाची छायाचित्रं बघायला बसतो. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी "सर, नवा ज्वालामुखी सापडला!" म्हणत येतो. चुका त्याच त्या असतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विवराच्या काठाला लागून चित्र कापणं. उल्का आदळते तेव्हा जमीन फुटून उसळते, काठ वर उचलला जातो आणि भोवती राडारोड्याचा थर पसरतो. हा सलग थर साधारण विवराच्या त्रिज्येइतका तरी लांब जातो. मंगळावर तो बऱ्याचदा ओला चिखल उडाल्यासारखा पाकळ्यापाकळ्यांनी पसरलेला दिसतो. वायकिंग यानाने टिपलेलं युटी विवर बघा. कॅल्डेऱ्याचं, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या खड्ड्याचं, उलट असतं. खालचा मॅग्मा निघून गेला की वरचं छप्पर खचतं. खचणाऱ्या जमिनीचा काठ वर उचलला जात नाही. म्हणजे निम्मा पुरावा खड्ड्याच्या बाहेर असतो, आणि मुलं नेमकं तेच कापून टाकतात.

दोन वर्षांपूर्वी एका मेहनती मुलाने असंच एक विवर घेतलं. तळ सपाट, मध्यशिखर (मोठ्या उल्काविवराच्या मधोमध उठणारा उंचवटा) नाही, भिंतीला पायऱ्या; म्हणजे कॅल्डेराच, असं त्याला वाटलं. दोन महिने खपून त्याने प्रत्येक भेग नकाशावर उतरवली आणि विद्यार्थी परिषदेसाठी पोस्टरही केलं. आदल्या संध्याकाळी मी सहज म्हटलं, "जरा मोठा परिसर उघड बघू." पूर्वेकडे राडारोड्याच्या पाकळ्या स्पष्ट दिसत होत्या. मागाहून लाव्हा भरल्यामुळे तळ सपाट झाला होता आणि मध्यशिखर त्याखाली गाडलं गेलं होतं. तो मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही. चूक माझीही होती, कारण तेच कापलेलं चित्र मी दोन महिने बघत होतो. तेव्हापासून माझा नियम एकच: विवराच्या व्यासाच्या पाचपट चौकट, आणि पहिला अर्धा तास एकही रेघ ओढायची नाही. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

दुसरी चूक, एका खुणेवर निकाल देणं. "राडारोडा नाही, म्हणजे ज्वालामुखी." अहो, अब्जावधी वर्षांची धूप राडारोडाही नेते आणि काठही झिजवते. मंगळावर पाच-सात किलोमीटरपेक्षा लहान विवरांत मध्यशिखर मुळातच नसतं. खरं काम कसं होतं ते मंगळावरच्या अरेबिया टेरा या प्रदेशातल्या ईडन पॅटेरावरून शिका. साधारण 55 गुणिले 85 किलोमीटरचा हा वेडावाकडा खड्डा. मिखाल्स्की आणि ब्लीचर या संशोधकांनी 2013 मध्ये तो महाज्वालामुखीचा कॅल्डेरा असल्याचं मांडलं, पण नुसतं "काठ दिसत नाही" एवढ्यावर नव्हे. खड्डा जवळपास 1.8 किलोमीटर खोल आहे. झिजून काठ आणि राडारोडा गेला असता, तर खड्डाही भरून उथळ झाला असता. शिवाय एकात एक खचलेले भाग आणि वर्तुळाकार भेगाही आहेत. तरीही त्यावर वाद संपलेला नाही. सॉफ्टवेअर उघडून तासाभरात निकाल लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जागेकडे दुर्लक्ष करू नका. 1971 मध्ये मरीनर 9 यान मंगळाजवळ पोहोचलं तेव्हा धुळीच्या वादळातून फक्त चार काळे ठिपके वर दिसत होते. ती उंच शिखरं होती, आणि चारांच्याही माथ्यावर खड्डे. उल्का नेमून सर्वांत उंच शिखरांच्याच टोकावर पडत नाहीत! त्यातल्या ऑलिम्पस मॉन्स या ज्वालामुखीच्या माथ्यावर तर एकमेकांत घुसलेले सहा खड्डे आहेत.

प्रकाशाची दिशा आधी तपासा, नाहीतर खड्डा टेकडीसारखा दिसतो.

काठ डोळ्याने ठरवू नका, उंचीचा छेद काढा. छेदात उभी मोजपट्टी किती ताणली आहे तेही बघा. मोला या यानावरच्या लेसर उंचीमापकाच्या नकाशात विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल सुमारे 463 मीटरचा असतो; त्यावर एक किलोमीटरच्या विवराचा काठ शोधू नये.

नावावर जाऊ नका. पॅटेरा हे फक्त आकारावरून दिलेलं नाव आहे. सुमारे 380 किलोमीटर लांब आणि 140 रुंद असलेलं ऑर्कस पॅटेरा कशाने झालं, हे अजून ठरलेलं नाही.

आणि "आजूबाजूला ज्वालामुखीचा खडक, म्हणून विवरही ज्वालामुखीचं" हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. लोणार दख्खनच्या बेसाल्टमध्येच आहे आणि एके काळी त्यालाही ज्वालामुखीचं समजत. तिथे मॅस्केलिनाइट सापडलं, आघाताच्या प्रचंड दाबाने फेल्डस्पारची होणारी काच, आणि प्रश्न मिटला. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचा, म्हणून जगभरातले अभ्यासक लोणारला येतात. तुम्हीही जा. काठावर बेसाल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी चक्क उलटलेले. तिथे उभं राहून ते कललेले थर नीट बघा, मग घरी येऊन मंगळाचं चित्र उघडा.